पास्त्याचा घरचा टोमॅटो सॉस आंबट आणि पाणचट का होतो, आणि तो नीट कसा करायचा

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात परत मांडते म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही कळेल. तुम्ही एक किलो टोमॅटो कच्चेच मिक्सरला फिरवता, कांदा-आलं-लसूण परतून त्यात ती प्युरी ओतता, दहा-बारा मिनिटं उकळता, वरून ओरेगानोचं पाकीट आणि दोन चमचे केचप घालता, आणि तरी सॉस आंबट लागतो, रंग लाल न येता केशरट-गुलाबी येतो आणि ताटलीत पास्ता वर आणि खाली पाण्याचं तळं. मुलं दोन घास खाऊन ताटली बाजूला सारतात. बाटलीतला सॉस आणायचा नाहीये, सोपी घरची पद्धत हवीये. मी आधी हॉटेलच्या इटालियन किचनमध्ये काम केलंय आणि आता बरीच वर्षं पुण्यात स्वतःच्या छोट्या किचनमधून ऑर्डरप्रमाणे पास्ता आणि सॉस करून देते, हा सॉस आमच्याकडे जवळजवळ रोज शिजतो, म्हणून जरा सविस्तरच लिहिते.

पहिली गोष्ट, अजून चार मसाले घालून हा सॉस सुधारणार नाही. अडचण पाण्याची आहे. टोमॅटोत साधारण 94-95 टक्के पाणीच असतं, म्हणजे किलोभर टोमॅटो आणले तरी त्यातला खरा ऐवज जेमतेम पन्नास-साठ ग्रॅम. हा सॉस करायचा म्हणजे त्यातलं बरंचसं पाणी घालवायचं आणि चव करपू द्यायची नाही, एवढंच मुख्य काम आहे आणि ते दहा मिनिटांत होत नाही. दुसरं म्हणजे आपला हात सवयीने ग्रेव्हीकडे वळतो, कांदा, आलं-लसूण, मग टोमॅटो, मग मसाला, मग वाटीभर पाणी आणि झाकण. पनीरच्या भाजीला ते एकदम बरोबर आहे. पास्त्याच्या सॉसमध्ये आलं नको, पाणी नको आणि झाकण तर अजिबात नको, कारण झाकणाला धरलेली वाफ परत सॉसमध्येच पडते.

आता मिक्सरचं. कच्चा टोमॅटो मिक्सरला लावला की तीन गोष्टी एकदम होतात. त्यात भरपूर हवा शिरते, त्या बारीक बुडबुड्यांमुळे रंग फिका पडून तो गुलाबी-केशरी फेस दिसतो जो तुम्हाला दिसतोय. बिया चिरडल्या जातात आणि थोडा कडवटपणा उतरतो. आणि तिसरी गोष्ट जी बहुतेकांना माहीत नसते, टोमॅटोत पेक्टिन असतं ज्याने सॉसला दाटपणा येतो, आणि त्याच टोमॅटोत ते पेक्टिन तोडणारी एन्झाइम्सही असतात. टोमॅटो चिरला किंवा वाटला की ती कामाला लागतात, म्हणून कच्ची प्युरी थोडा वेळ नुसती ठेवली की खाली पाणी आणि वर गर असे दोन थर होतात. टोमॅटो पटकन 85-90 अंशांच्या वर तापवला तर ही एन्झाइम्स निकामी होतात आणि दाटपणा टिकतो. कारखान्यात दाट पेस्ट आणि केचपसाठी हेच करतात, त्याला हॉट ब्रेक म्हणतात. घरी याचा अर्थ सरळ आहे, आधी शिजवा, मग गाळा किंवा घोटा, कच्चं वाटू नका.

टोमॅटो कुठले घ्यायचे यावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवते आणि तुम्हीही घालवा, कारण निम्मा आंबटपणा तिथेच कमी होतो. बाजारात मोटामोटी दोन प्रकार दिसतात, चपटे-गोल, रेषा असलेले गावठी, आणि लांबट अंडाकृती हायब्रीड. गावठीला वास सुरेख असतो पण रस जास्त, बिया जास्त आणि आंबटपणा चांगलाच. लांबट टोमॅटोत गर जास्त, पाणी कमी, आंबटपणाही कमी, पण सालं जाड कारण ते ट्रकने लांब जाण्यासाठीच तयार केलेले असतात. आपल्याकडे नारायणगाव किंवा पिंपळगाव बसवंतच्या बाजारातून वीस-वीस किलोच्या क्रेटमध्ये जो माल निघतो तो बहुतेक हाच, आणि प्रवासात खराब होऊ नये म्हणून तो पूर्ण लाल व्हायच्या आधीच तोडलेला असतो. म्हणून माझा हिशोब असा, तीन भाग लांबट आणि एक भाग गावठी, आणि आणल्या आणल्या सॉस करायचा नाही. परातीत किंवा पेपरवर एका थरात पसरून ओट्यावर तीन-चार दिवस ठेवायचे, फ्रीजमध्ये नाही, थंडीने टोमॅटोचा वास मरतो आणि पिकणंही थांबतं. देठाजवळचा पिवळा-हिरवट भाग जाऊन पूर्ण गडद लाल झाले, दाबल्यावर किंचित दबले की ते सॉसचे टोमॅटो. भाजीवाले संध्याकाळी जे मऊ पडलेले टोमॅटो स्वस्तात काढतात ते यासाठी उत्तम, फक्त चिरलेले-फुटलेले आणि काळे डाग असलेले काढून टाका.

इटलीत यासाठी ज्या टोमॅटोचं नाव घेतात तो सान मार्झानो, नेपल्सजवळ व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या पायथ्याच्या सपाट भागात होणारा, लांबट, जाड गराचा, कमी बियांचा. 1996 पासून त्याला युरोपियन युनियनचा भौगोलिक ओळखीचा दर्जा आहे. तो आपल्याला डब्यातच मिळतो आणि महाग मिळतो. घरच्या रोजच्या सॉससाठी त्याची गरज नाही असं माझं स्पष्ट मत आहे, नीट पिकलेला आपला लांबट टोमॅटो पुरेसा आहे. पण टोमॅटो अगदीच फिके आणि कडक असतील त्या दिवसांत अख्ख्या सोललेल्या टोमॅटोचे 400 ग्रॅमचे दोन डबे वापरलेले बरे. डबा घेताना अख्खे घ्या, तुकडे केलेले नको, कारण बऱ्याच तुकड्यांच्या डब्यांत कॅल्शियम क्लोराइड घातलेलं असतं, तुकडे टणक राहावेत म्हणून, आणि मग ते कितीही शिजवले तरी गळत नाहीत.

सालं-बिया कशा काढायच्या हा प्रश्न पुष्कळजणी विचारतात. पुस्तकी पद्धत म्हणजे खाली फुलीसारखा छेद देऊन उकळत्या पाण्यात अर्धा-एक मिनिट टाकायचे, गार पाण्यात काढायचे आणि सोलायचे. करा, पण किलोभरासाठी मला तो व्याप वाटतो. आपल्या घरात यापेक्षा चांगलं साधन पडलेलं असतं, पुरणयंत्र. खरंच सांगते, इटलीत घरोघरी टोमॅटो गाळायला जे हाताने फिरवायचं यंत्र वापरतात ते आणि आपलं पुरणयंत्र यांचं काम एकच आहे, शिजलेला गर खाली आणि सालं-बिया वर. दक्षिण इटलीत ऑगस्टमध्ये अख्खं कुटुंब जमून वर्षाचा टोमॅटो गाळून बाटल्यांत भरतं, आणि तिथे गाळायचं काम असल्याच यंत्रावर होतं, आता मोठी मोटरवाली यंत्रंही आलीत. आपल्याकडे ते होळी-पाडव्याला बाहेर निघतं आणि उरलेलं वर्ष माळ्यावर असतं, ते खाली काढा. बारीक भोकांची चकती लावा. फक्त ते स्टीलचं असू द्या, आजीचं पितळेचं असेल तर त्यात टोमॅटो नको, आंबटाने कळकतं. पुरणयंत्र नसेल तर पुरणाची चाळणी आणि वाटी किंवा डावाची पाठ, तेही चालतं, दंडाला जरा व्यायाम होतो इतकंच. आणि बियांभोवतीचा तो बुळबुळीत रस काढून फेकू नका, बरेच व्हिडिओ तसं सांगतात. टोमॅटोतलं ग्लुटामेट, म्हणजे तोंडात रेंगाळणारी जी चव, ती बाहेरच्या गरापेक्षा त्या रसात जास्त असते. बिया जाऊ द्या, रस ठेवा. पुरणयंत्र नेमकं तेच करतं.

आता करायचं कसं. चार जणांसाठी एक किलो पिकलेले टोमॅटो, साठ मिली म्हणजे चार मोठे चमचे ऑलिव्ह ऑइल, लसणाच्या सात-आठ पाकळ्या (आपला लसूण बारीक असतो म्हणून, मोठ्या पाकळ्या असतील तर चारच), मीठ, आणि मिळाली तर बेसिलची आठ-दहा पानं. संपलं साहित्य. टोमॅटो धुवून देठाचा भाग काढून अर्धे करा आणि जाड बुडाच्या स्टीलच्या पसरट पातेल्यात चिरलेली बाजू खाली करून घाला, पाणी नाही, फक्त अर्धा चमचा मीठ. आच मोठी. पहिली चार-पाच मिनिटं झाकण ठेवलंत तरी चालेल, आत वाफ कोंडून टोमॅटो झटकन तापतात, वर मी नको म्हटलं ते पुढच्या आटवण्यासाठी. दहा-बारा मिनिटांत सालं सुटून गुंडाळायला लागतात आणि टोमॅटो स्वतःच्याच रसात बसतात. गॅस बंद करून जरा निवू द्या आणि गरम असतानाच पुरणयंत्रातून काढा. शेवटी सालांचा चोथा उरतो तो अजून एकदा दाबून फिरवा, चकतीच्या खालच्या बाजूला जो दाट गर चिकटतो तो चमच्याने खरवडून घ्या, तोच सगळ्यात चांगला भाग असतो.

लोखंडी कढई किंवा साधं ॲल्युमिनियमचं पातेलं मात्र नको. टोमॅटोच्या आम्लाने दोन्ही सॉसला धातूची चव देतात, आणि इथे अर्धा-पाऊण तास शिजवायचंय. आणि भांडं पसरट हवं, उभं नको. पसरट भांड्यात वाफ जायला जागा मिळते, तोच सॉस उभ्या पातेल्यात बराच जास्त वेळ घेतो आणि जास्त वेळ शिजला की ताजेपणा जाऊन जॅमसारखा वास यायला लागतो. कुकरला एक शिट्टी काढून टोमॅटो मऊ करायला हरकत नाही, पण कुकरमध्ये पाणी आटत नाही, आटवणं नंतर उघड्या भांड्यातच करावं लागेल.

तेच पातेलं पुसून घ्या, त्यात गार तेल आणि गारच तेलात लसणाचे पातळ काप, मग बारीक गॅस. आपल्या फोडणीच्या सवयीने तेल कडकडीत तापवून लसूण टाकू नका, इथे लसणाची चव हळूहळू तेलात उतरवायचीय. कापांच्या भोवती बारीक बुडबुडे येतात, वास सुटतो, कडा किंचित सोनेरी व्हायला लागतात, त्या क्षणी टोमॅटोचा गर ओतायचा. लसूण तपकिरी झाला तर तो काढून तेलही फेकून परत करा, कारण करपलेल्या लसणाचा कडवटपणा पुढे कशानेही जात नाही. टोमॅटो फारच फिके असतील तर गर ओतायच्या आधी एक मोठा चमचा टोमॅटो पेस्ट याच तेलात मिनिटभर परता, ती विटकरी रंगाची झाली की मग गर. पेस्ट म्हणजे नुसता आटवलेला टोमॅटो, त्यात साखर-व्हिनेगर नसलेली बघून घ्या. टोमॅटोचा लाल रंग तेलात विरघळणारा असतो, म्हणून तेलात कंजुषी केली तर रंगही फिका आणि चवही पातळ. साठ मिली चार जणांत वाटलं जातं, घाबरू नका.

यानंतर मध्यम आच, झाकण नाही, वीस ते तीस मिनिटं, अधूनमधून लाकडी उलथण्याने तळ खरवडत. इथे बघत राहायचं ते बुडबुड्यांकडे. सुरुवातीला बुडबुडे बारीक, फेसाळ आणि भराभर येतात, म्हणजे अजून पाणीच उकळतंय. मग ते मोठे आणि सावकाश व्हायला लागतात, फदफद आवाज येतो आणि ओट्यावर शिंतोडे उडतात, तेव्हा आच कमी करायची. शेवटी कडेला तेलाची लालसर रेघ दिसते, आपण भाजीत तेल सुटलं म्हणतो तेच. खात्री करायची असेल तर एक चमचा सॉस पांढऱ्या बशीत घाला आणि बशी थोडी तिरकी धरा. सॉसच्या भोवती फिकट पाण्याचं वर्तुळ पसरलं तर अजून पाच-सात मिनिटं, सॉस एकजीव सरकला आणि मागे स्वच्छ बशी राहिली तर झाला. दाटपणा आमरसापेक्षा किंचित जास्त. किलोभर टोमॅटोचा साधारण अर्धा किलो सॉस उतरतो, टोमॅटो रसाळ असतील तर त्याहूनही कमी. मिठाची चव आता बघा, आधी नाही, कारण आटताना मीठही दाट होत जातं.

आंबटपणाबद्दल. वरच्यासारखं केलं तर निम्म्या वेळा हा प्रश्नच उरत नाही. तरी आंबट वाटला तर आधी मीठ बरोबर आहे का बघा, अळणी टोमॅटो जास्त आंबट लागतो. मग अर्धा चमचा साखर. साखरेने आंबटपणा जात नाही, फक्त झाकला जातो, म्हणून गोडाची चव समजायला लागली की थांबायचं. टोमॅटो खरोखरच फार आंबट असतील तर चिमूटभर, अगदी चिमूटभर खायचा सोडा. तो आम्लाशी प्रत्यक्ष मिसळून ते कमी करतो, सॉसला फेस येतो, ढवळत राहिलं की मिनिटभरात बसतो. जास्त पडला तर साबणासारखी चव येते आणि टोमॅटोपण निघून जातं, म्हणून चिमटीनेच. आणि शेवटी गॅस बंद करून एक छोटा तुकडा बटर, मुलांसाठी हे सगळ्यात उपयोगी, आंबटाची धार बोथट होते. केचप मात्र बंद करा ताई. त्यात व्हिनेगर आहे, म्हणजे आंबट सॉसमध्ये तुम्ही अजून आंबट घालताय, वर साखर आणि लवंग-दालचिनीसारखे मसाले, त्याने सॉस चायनीजकडे झुकतो.

ओरेगानोचं पाकीटही तसंच. पिझ्झाबरोबर येणाऱ्या बऱ्याच पाकिटांत नुसतं ओरेगानो नसतं, मीठ, लसूण पावडर, मिरची असं मिश्रण असतं. वापरायचं असेल तर नुसतं सुकं ओरेगानो, पाव चमचा, हातावर चोळून, आणि लसणाच्या तेलातच गर ओतायच्या आधी. सुक्या पानांना शिजायला वेळ लागतो, ओल्या पानांना लागत नाही, म्हणून ताजं बेसिल अगदी शेवटी, हाताने तोडून. बेसिलऐवजी तुळस चालेल का हे मला हमखास विचारतात. देवापुढची तुळस नको, तिला लवंगेसारखा उग्र वास असतो आणि सॉसवर फक्त तोच उरतो. पण सब्जाचं झाड असेल तर बघा, आपण फालुद्यात घालतो तो सब्जा आणि इटालियन बेसिल या वनस्पतीशास्त्राच्या दृष्टीने एकाच जातीच्या वनस्पती आहेत. सब्जाच्या पानाला बडीशेपेची झाक जास्त असते, म्हणून दहाऐवजी तीन-चार पानंच घ्या. काहीच नसेल तर काहीच घालू नका, टोमॅटो-तेल-लसूण एवढ्यावरही हा सॉस पूर्ण आहे. लसूण न खाणाऱ्या घरांतही अडत नाही, तेल, टोमॅटो आणि बेसिल एवढाच सॉस इटलीत कित्येक घरी होतो.

टोमॅटो अमेरिका खंडातून सोळाव्या शतकात युरोपात आला. नेपल्समध्ये अंतोनियो लातिनी या आचाऱ्याने सतराव्या शतकाच्या अखेरीस टोमॅटोच्या सॉसची कृती छापली, पण तो पास्त्यासाठी नव्हता. पास्ता आणि टोमॅटो एकत्र असलेली सुरुवातीची छापील कृती इप्पोलितो काव्हालकांती यांची, तीही नेपल्सची, 1839 मधली. म्हणजे इटलीतसुद्धा हा पदार्थ आपण समजतो तितका पुराणकाळचा नाही, आणि तो वाढला तो साध्या माणसांच्या घरात, जिथे मोजकं साहित्य आणि पिकलेला टोमॅटो होता. त्यांच्याकडे लसूण आणि कांदा दोन्ही भरपूर घालायची पद्धत सहसा दिसत नाही, एक घेतला की दुसरा बहुतेक राहतो. तुम्हाला कांदाच आवडत असेल तर लसूण वगळून एक कांदा अगदी बारीक चिरून तेलात मंद आचेवर पंधरा मिनिटं, तांबूस न करता, पारदर्शक आणि गोडसर होईपर्यंत शिजवा. यानेही आंबटपणा सुंदर सावरतो.

मुलांसाठी अजून एक प्रकार जरूर करून बघा, त्याला तर परतायचंही काम नाही. मार्चेला हझान या इटलीत जन्मलेल्या आणि अमेरिकेत नावाजलेल्या लेखिकेमुळे तो जगभर पोचला. गाळलेला टोमॅटो, साधारण सत्तर ग्रॅम बटर आणि एक कांदा सोलून नुसता अर्धा केलेला, तिन्ही एकत्र मंद आचेवर पाऊण तास, मग कांदा काढून टाकायचा. एवढंच. इतका सौम्य होतो की तिखट-आंबट न चालणारी मुलंही खातात. आपलं नेहमीचं पिवळं बटर खारं असतं म्हणून मीठ अगदी शेवटी बघूनच घाला. काढलेला कांदा फेकू नका, पोळीबरोबर खायला फार छान लागतो. मोठ्यांना तिखट हवं असेल तर लसणाबरोबर दोन सुक्या लाल मिरच्या तोडून तेलात टाका, रोमकडच्या बाजूला असाच तिखट सॉस पेन्ने पास्त्याबरोबर खातात. बेडगी घेतली तर रंग, लवंगी घेतली तर ठसका, दोन लवंगी मात्र जास्त होतील, एकच पुरे.

आता तुमच्या पाण्याच्या तळ्याचं उरलेलं कारण, आणि हे मला सॉसइतकंच महत्त्वाचं वाटतं. बऱ्याच घरी पास्ता उकडून चाळणीत काढतात, चिकटू नये म्हणून त्यावर गार पाणी ओततात, वर चमचाभर तेल लावतात, आणि खायच्या वेळी वरून सॉस. गार पाण्याने पास्त्याच्या अंगावरचा स्टार्च धुतला जातो आणि तेलाने सॉस घसरतो, मग तो खाली जाणारच. इटालियन किचनमध्ये पाठ असलेलं प्रमाण म्हणजे एक लिटर पाणी, दहा ग्रॅम मीठ, शंभर ग्रॅम पास्ता. चारशे ग्रॅमला चार लिटर पाणी घरच्या भांड्यात मावत नसेल तर तीन लिटर घ्या, मीठ त्या हिशोबात. पाणी खळखळ उकळल्यावरच पास्ता टाका, पहिली दोन मिनिटं ढवळा, चिकटतो तो तेव्हाच. पाकिटावर दहा मिनिटं लिहिलं असतील तर आठव्या मिनिटाला एक काढून दाताखाली बघा, मध्ये बारीकसा पांढरा ठिपका राहिला पाहिजे. पास्ता काढायच्या आधी वाटीभर ते गढूळ पाणी बाजूला ठेवा, हे विसरलात तर पुढची पायरी जमत नाही.

सॉस दुसऱ्या शेगडीवर पसरट भांड्यात गरम हवा. पास्ता न धुता सरळ त्यात, वर एक-दोन डाव ते पास्त्याचं पाणी, आणि मोठ्या आचेवर दीड-दोन मिनिटं भांडं हलवत, ढवळत. तुम्हाला वाटेल की इतकं पाणी आटवल्यावर परत पाणी कशाला, पण या पाण्यात स्टार्च आहे, तो तेल आणि टोमॅटोचा रस एकत्र बांधून ठेवतो. बघता बघता सॉसला चमक येते आणि तो प्रत्येक तुकड्याला लपेटून बसतो, पेन्ने असेल तर नळीच्या आतही शिरतो. गॅस बंद करून वरून चमचाभर कच्चं ऑलिव्ह ऑइल. एक्स्ट्रा व्हर्जिन तेल फार थोडं असेल तर ते याच वेळेसाठी राखून ठेवा आणि परतायला सूर्यफूल वापरा. शेंगदाण्याचं तेल नको, त्याचा स्वतःचा वास पुढे येतो.

चीज घालायचं तर ताटलीत घेतल्यावर वरून किसून. शाकाहारी घरांसाठी एक सांगून ठेवते, अस्सल पार्मिजानो रेज्जानो चीजच्या नियमातच वासराच्या पोटातलं रेनेट, म्हणजे दूध घट्ट करणारा पदार्थ, आहे, त्यामुळे ते शाकाहारी नसतं. व्हेज रेनेट लिहिलेलं दुसरं कडक चीज मिळतं, ते घ्या. नाहीतर दक्षिण इटलीतल्या गरीब घरांची युक्ती करा, शिळ्या ब्रेडचा चुरा ऑलिव्ह ऑइलमध्ये लसणाच्या एका पाकळीबरोबर खरपूस परतायचा आणि चीजऐवजी वरून भुरभुरायचा. आमच्याकडे ऑर्डर देणारे काहीजण आता चीज नको, तो चुराच द्या म्हणतात.

साठवणीचं विचारलंयत, तर फ्रीजमध्ये तीन-चार दिवस, काचेच्या किंवा स्टीलच्या डब्यात. फ्रीझरमध्ये तीन-चार महिने आरामात राहतो, झिपच्या पिशवीत एकेका जेवणापुरता भरून आडवा चपटा गोठवा, वितळायला पाच मिनिटं लागतात आणि जागाही कमी. टोमॅटो स्वस्त असतात तेव्हा पाच-सहा किलोचा सॉस करून ठेवला की महागाईत बरं पडतं, 2023 च्या जुलैत टोमॅटो किलोला शंभराच्या वर गेले होते तेव्हा ज्यांच्या फ्रीझरमध्ये होता त्यांना त्याची किंमत कळली. पण बाटलीत भरून, वर तेलाचा थर देऊन, बाहेर फडताळात ठेवू नका, लोणच्याच्या सवयीने लोक हे करतात आणि ते धोक्याचं आहे. हवाबंद, कमी आम्लाच्या ठिकाणी बोट्युलिझमचा, म्हणजे जीवघेण्या अन्नविषबाधेचा, जंतू वाढू शकतो, त्याची सुरक्षित रेषा पीएच 4.6 ही आहे (पीएच म्हणजे आंबटपणाचं माप, आकडा जितका कमी तितकं आम्ल जास्त) आणि टोमॅटो नेमका त्या रेषेच्या आसपासच असतो, कधी थोडा खाली तर कधी वर. लसूण, कांदा, तेल घातलं की भरवसा अजून कमी. आणि सोडा घातलेला सॉस तर कधीच बाहेर नको, कारण आपण आपल्या हाताने आम्ल कमी केलेलं असतं. फ्रीझर असताना ही जोखीम घेऊच नका.

डब्यात द्यायचा असेल तर सॉस नेहमीपेक्षा थोडा सैल ठेवा आणि पास्ता मिनिटभर आधी काढा, कारण डब्यात बंद असताना पास्ता सॉस पीत राहतो आणि मधल्या सुट्टीपर्यंत गोळा होतो. लांब स्पॅगेटी डब्याला नकोच, पेन्ने किंवा फुसिली द्या. सकाळी घाई असते तेव्हा फ्रीझरमधला सॉस रात्रीच खाली काढून ठेवा, सकाळी पास्ता उकळेपर्यंत तो गरम होतो, दोन्ही एकत्र करून वरून चमचाभर तेल, आणि जरा वाफ गेल्यावरच झाकण लावा.